न्हावा शेवा ते चाकण, रात्रीची ट्रिप : झोपेचं मालकाला कसं सांगायचं?

कामोठ्याची वहिनी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमचे हे ट्रेलर चालवतात. न्हावा शेवाहून कंटेनर उचलायचा, चाकणला कंपनीत खाली करायचा, तिथून एक्स्पोर्टचा भरलेला मिळाला तर तो घेऊन परत पोर्टला. चाळीस फुटी गाडी आहे. याच लाईनला बरीच वर्षं काढली आहेत, दारूला शिवत नाहीत, हात चांगला आहे. त्यामुळे माझा प्रश्न ड्रायव्हिंगचा नाही, झोपेचा आहे.

दिवस कसा जातो ते आधी सांगते, नाहीतर कळणार नाही. सकाळी सहाला उठतात, सातला घराबाहेर. गाडी काढायची, कागद घ्यायचे, मग लाईन. गर्दी असली की करळ फाट्यापासूनच गाड्या उभ्या. ही लाईन म्हणजे आराम असं लोकांना वाटतं. पण दर दहा मिनिटांनी गाडी चार हात पुढे घ्यावी लागते. आडवं व्हायची सोय नाही. जरा डोळा लागला आणि पुढची गाडी सरकली, की मागचा हॉर्नवरून हात काढत नाही. कंटेनर चढून, सील बघून गेटबाहेर पडेपर्यंत रात्रीचे दहा-अकरा वाजतात. मग जेवण, टायरची हवा, पळस्प्यापर्यंतची गर्दी. आणि मधेच मालकाचा फोन, "सकाळी आठला कंपनीच्या गेटवर गाडी पाहिजे."

अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. मालक म्हणतात, एवढ्याशा रस्त्याला कसली आली झोप? ऐकणाऱ्याला पटतंही. पण पहाटे तीनला हे बोरघाट चढत असतात तेव्हा उठून एकवीस तास झालेले असतात. ते कुणीच धरत नाही. सगळे किलोमीटर मोजतात.

परवा घरी आले, ताटावर बसले. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि हात तिथेच थांबला. डोळे उघडे होते. मी दोनदा हाक मारली तेव्हा म्हणाले, "हो हो, घेतो बाजूला." मुलगी हसली. मला हसू आलं नाही.

विचारलं की एकच उत्तर, "मला सवय आहे गं." खरंच अशी सवय होते का? रात्री मी अधूनमधून फोन करत राहिले तर जागे राहतील का? आणि मालकाला हे कोणत्या शब्दांत सांगायचं, म्हणजे गाडी हातातून जाणार नाही? जाणकारांनी कृपया लिहा. "काळजी घ्या" एवढंच लिहू नका, ते मी रोज म्हणते.

---

घोडबंदर लाईन

वहिनी, मी वापीहून पोर्टला येतो. आमचंही हेच, फक्त लाईन वेगळी. ठाण्यात दिवसा अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा आहेत. मग मनोरच्या आसपास थांबायचं. पत्र्याच्या केबिनमध्ये दुपारी झोप लागत नाही, नुसतं घामानं भिजायचं. बंदी उठली की सगळे एकदम सुटतात. गायमुखचा घाट, माजिवडा, मुंब्रा बायपास, शिळफाटा, सगळीकडे गाडीला गाडी. दिवसभर थांबलेला माणूस रात्री पळवणार नाही तर काय करणार? आता १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे, चांगलंच आहे. पण आमच्या मालकाची गाडी जुनी, ती अजून कितीतरी वर्षं चालणार.

इथे लोक लिहितील की झोप आली तर गाडी थांबवा. कुठे थांबवा? कडेला लावली तर पोलीस उठवतात. अंधारात लावली तर सकाळी टाकीतलं डिझेल गायब, नाहीतर बॅटरी. ते नुकसान पगारातून कापलं जातं. त्याचंही कुणीतरी लिहा.

---

जुना ड्रायव्हर, कोपरखैरणे

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी आयुष्यभर गाडी चालवली. आधी तुर्भ्याला मार्केटला भाजीची, मग पोर्टला ट्रेलर. आता घरी असतो. वेळ आहे म्हणून सविस्तर लिहितो.

सवय होते, पण जागरण सोसायची नाही. सवय होते ती झोप आल्याचं न कळण्याची. नवीन पोराला पेंग आली की तो घाबरतो, गाडी बाजूला घेतो. जुन्याला वाटतं, हे रोजचंच आहे. म्हणून मला नवशिक्याच्या बरोबरीनं जुन्याची काळजी वाटते.

मान खाली जाते तेव्हा झोप आली असं लोक समजतात. ती शेवटची पायरी. त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी गाडी सांगत असते. मागचा बोर्ड कुठला गेला ते आठवत नाही. गिअर उशिरा पडतो. पट्ट्यावरच्या रिफ्लेक्टरवर चाक जाऊन टकटक वाजायला लागतं. समोरच्या गाडीचा मागचा दिवा एकदम जवळ आल्यासारखा वाटतो, म्हणजे मधले काही सेकंद आपण नव्हतोच. यातलं एक जरी झालं तरी तंबाखू, पाणी, खिडकी, गाणी यांच्या नादी लागू नये. त्यानं पाच मिनिटं बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यावर माणूस आणखी तासभर गाडी ओढतो.

तुमच्या रस्त्याचं म्हणाल तर घाट चढताना सहसा डोळा लागत नाही. इंजिन ओरडत असतं, गिअर बदलावे लागतात, हात-पाय कामात असतात. धोका चढण संपल्यावर. लोणावळा मागे पडलं की रस्ता सरळ, थंड वारा, इंजिन शांत, आणि अंगातला ताण एकदम सुटतो. तिथून तळेगावपर्यंत जपायचं. समृद्धीवर तर तासन् तास हेच. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर सरळसोट रस्ता. हाताला काम नाही, डोळ्याला काही नवीन नाही. असा रस्ता झोप आणतो.

दुसरा धोका परतीचा. चाकणहून भरलेला कंटेनर घेऊन पहाटे घाट उतरायचा असतो तेव्हा. अजूनही काही जण डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरतात. तुमच्या यजमानांना माहीत असेलच, तरी इथे नवी पोरं वाचतात म्हणून लिहितो. न्यूट्रलला गाडी सगळी ब्रेकवर येते. ब्रेकचे लायनर तापतात, जळका वास येतो, मग पाय दाबला तरी ब्रेक धरत नाही. वरून सारखं पंपिंग केलं की ब्रेकच्या हवेचा काटा खाली यायला लागतो. बोरघाटात पुढच्या चार-पाच गाड्या चेंदल्याच्या बातम्या येतात, त्यातल्या कितीतरींच्या मुळाशी हे असतं. आणि वाचत काहीच नाही. आताच्या बीएस-४, बीएस-६ गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनला डिझेल जायचंच थांबतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतं. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो लावायचा, पायाचा ब्रेक थोडा दाबून सोडायचा. हे सगळं करायला डोकं जागं लागतं. झोपेत माणूस सोपं तेच करतो.

आता वेगाचं. लाईनीत गेलेला वेळ रस्त्यावर भरून काढू, हा जो हिशोब आहे ना, तो एकदा कागदावर मांडून बघा. कळंबोलीपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत ३५ किलोमीटरचा सपाट पट्टा धरा. साठनं गेलं तर ३५ मिनिटं. ऐंशीनं गेलं तर २६. वाचली नऊ मिनिटं. घाटात तर सगळे एकामागे एक, तिथे काही वाचत नाही. त्या नऊ मिनिटांसाठी धडकेचा जोर पावणेदोन पटीहून जास्त होतो, कारण वेगाचा वर्ग होतो. आणि ऐंशीला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर जवळजवळ ९० मीटर. चाळीस फुटी सात कंटेनर एकापुढे एक लावले तर जेवढं अंतर होईल तेवढं, आणि स्टिअरिंगवर कुणी नाही. मालवाहू गाडीला एक्स्प्रेसवेवर मर्यादाच ऐंशीची आहे, म्हणजे हे मी कायद्यातल्या वेगाचं बोलतोय.

फोनचं तुम्ही विचारलंत. गाडी चालू असताना फोन करू नका. बोलणारा माणूस जागा असतो, पण त्याचं लक्ष रस्त्यावर नसतं. त्यांनीच थांबल्यावर फोन करायचा, असं ठरवून घ्या. एक पळस्प्याला, एक खालापूरला, एक पोहोचल्यावर. ठरलेला फोन करायचा म्हणजे गाडी उभी करावी लागते. खरा फायदा तिथे आहे.

---

कॅज्युअल्टी सिस्टर, ठाणे

मी ठाण्यात रुग्णालयात नाईट करते, त्यामुळे पहाटेचे ड्रायव्हर मला भेटतात, आणि मीही पहाटे जागी असते. काकांनी लिहिलेलं सगळं मान्य. वैद्यकीय बाजू तेवढी सांगते.

वहिनी, तुम्ही एकवीस तास मोजलेत ते अगदी बरोबर मोजलेत. मेंदूला किती किलोमीटर झाले याच्याशी देणंघेणं नसतं, उठून किती तास झाले ते महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली हे मोजून दाखवलं. सतरा तास सलग जागा राहिलेला माणूस आणि रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेला माणूस, दोघांचे हात-डोळे सारखेच चुकतात. चोवीस तासांनी ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. आपल्या कायद्यात गाडी चालवायला मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे तुमचे यजमान, जे दारूला शिवत नाहीत, ते पहाटे तीनला घाटात असतात तेव्हा त्यांचं शरीर कायद्यानं पकडावं अशा अवस्थेत असतं. फुंकून बघायचं यंत्र मात्र शून्य दाखवतं.

त्यात पहाटे दोन ते सहा ही वेळच अशी की शरीराचं तापमान उतरतं आणि झोप सगळ्यात जोरात ओढते. दुपारी दोन ते चारलाही थोडी ओढ असते. पोटभर भात खाऊन ती वाढते.

ताटावरची गोष्ट वाचून मला धस्स झालं. उघड्या डोळ्यांची झोप म्हणतात ती हीच. काही सेकंदांची असते आणि ज्याला येते त्याला नंतर सांगताही येत नाही. अशा अपघातांत रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नसतात, कारण ब्रेक दाबायला कुणी जागंच नसतं.

यावर औषध एकच, झोप. पण पूर्ण रात्र मिळणार नसेल तर वीस मिनिटांचीही कामाची असते. चहा-कॉफी घ्यायचीच तर झोपायच्या आधी घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं. तिचा असर यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात डुलकी होते आणि दोन्हीचा फायदा एकदम मिळतो. गजर लावायचा. उठल्यावर पंधरा मिनिटं गाडी हलवायची नाही, खाली उतरून चाकं-दिवे बघत फिरायचं, कारण उठल्या उठल्या डोकं जड असतं. हा उपाय त्या वेळेपुरता आहे. वीस मिनिटांवर रात्र काढता येत नाही, हे त्यांना नक्की सांगा.

आणखी दोन गोष्टी. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच गोळ्या आणि सिरपनं गुंगी येते. मेडिकलवाल्याला "मी रात्री गाडी चालवतो" हे सांगूनच घ्यायला लावा. दुसरं, ते मोठ्यानं घोरतात का? घोरताना मधेच श्वास अडकून दचकतात का? पुरेसं झोपूनही दिवसा पेंगतात का? असं असेल तर छातीच्या किंवा नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असतो, त्यात आठ तास झोपूनही झोप होत नाही. ड्रायव्हर लोकांत तो राहून जातो, कारण "गाढ झोपलेत, घोरतायत" असंच घरातले समजतात.

---

ट्रान्सपोर्ट ऑफिस, कळंबोली

मी गाड्या लावायचं काम करतो, म्हणजे आठची वेळ सांगणारा फोन बहुधा माझ्यासारखाच कुणीतरी करतो. त्यामुळे मालकाशी कसं बोलायचं ते मी सांगतो.

पहिलं, मालकाला "झोप येते" म्हणून सांगू नका. त्यावर तो "चहा घे" म्हणणार. त्याला वेळ सांगा. यजमानांनी गेटबाहेर पडल्या पडल्या मेसेज टाकायचा : "सकाळी ७ पासून गाडीवर आहे. गाडी आत्ता ११ ला गेटबाहेर आली. ५ वाजेपर्यंत झोपून निघतो. १० पर्यंत कंपनीच्या गेटवर." बस. भांडण नाही, विनवणी नाही. मेसेजवर सांगितलं की मालकालाही पार्टीला, म्हणजे माल ज्याचा त्या कंपनीला, पुढे पाठवायला सोपं जातं. पार्टीला उशिरापेक्षा उशीर न कळवल्याचा राग जास्त येतो.

दुसरं, कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये वेग मोडणाऱ्याइतकाच तो मोडायला लावणारा मालकही दोषी धरला आहे. त्यातच पुढे असं आहे की, अमुक वेळेत पोहोच असा हुकूम दिला आणि वेग मोडल्याशिवाय ते शक्यच नव्हतं असं कोर्टाला वाटलं, तर तो हुकूमच मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. हे वाक्य मी आमच्या ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. त्यानंतर "काही करून पोहोच" असे मेसेज लिहिणं बंद झालं.

आणि लाईनीचं. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं घातलं होतं. लांब पल्ल्याला परवानगीनं थोडी सवलत. पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकांना तो लागू होता. आठ तासांची मर्यादा आताच्या नव्या श्रमसंहितेतही कायम आहे. त्या ६१ च्या कायद्यात कामाचे तास म्हणजे काय याची व्याख्या आहे. टर्मिनलवर पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ नुसतं हजर राहणं, हेसुद्धा काम धरलं होतं. वहिनी, दर दहा मिनिटांनी सरकणारी तुमची लाईन त्यात बसते. तो आराम नाही, हे तुम्हाला घरात बसून कळलं, आमच्या धंद्यातल्या कितीतरी लोकांना कळत नाही.

तिसरं, घाईची खोटी कारणं ओळखा. "ई-वे बिल संपेल" हे नेहमीचं. ई-वे बिल म्हणजे मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, त्याला मुदत असते. ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, आणि मुदत संपायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. चाकणच्या ट्रिपला रात्रभर पळायची गरज त्यामुळे पडत नाही. घाई खरी असते ती एक्स्पोर्टच्या वेळी, जहाजाची कट-ऑफ, म्हणजे कंटेनर पोर्टला पोहोचवायची शेवटची वेळ, असते तेव्हा. पण कट-ऑफ आधीच ठरलेली असते. ती आम्ही ऑफिसवाल्यांनी आदल्या दिवशी सांगायची असते. आम्ही शेवटच्या क्षणी सांगतो आणि ड्रायव्हर घाटात ती वेळ भरून काढतो. हे बदलायचं काम ड्रायव्हरचं नाही, आमचं आहे.

---

कामोठ्याची वहिनी

सगळ्यांचे आभार. दोन दिवसांनी लिहितेय कारण सांगण्यासारखं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

ह्यांना सिस्टरताईंचं उत्तर वाचून दाखवलं. दारूच्या तुलनेवर चिडले. मग बराच वेळ गप्प बसले. घोरण्याचं विचारलंत, तर हो, घोरतात, आणि मधे श्वास थांबल्यासारखा होऊन दचकतात. मला ते आजाराचं वाटलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात दाखवायला नेतेय.

मेसेज दादांनी लिहिला तसाच टाकला. मालकांचा फोन आला, आवाज चढलेला होता, पण "नाही" म्हणाले नाहीत. "कंपनीला विचारतो" म्हणाले. आणि कंपनीतून काय कळलं तर गाडी आठला आत घेतात ती फक्त नोंदीला. माल उतरवणारी माणसं आणि फोर्कलिफ्ट दहाच्या पुढेच मोकळी होते. म्हणजे इतके दिवस पहाटेचा घाट चढून हे दोन तास गेटबाहेर उभे राहायचे. मालकांनाही हे माहीत नव्हतं, त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. आता या एका पार्टीसाठी दहाची वेळ मिळाली आहे. बाकीच्यांचं अजून तसंच आहे.

फक्त घोडबंदरवाल्या दादांचा प्रश्न माझाही आहे. भरलेली गाडी घेऊन रात्री अकरा ते पाच झोपायचं कुठे?

---

जुना ड्रायव्हर, कोपरखैरणे

पोर्टमधून सुटल्यावर लगेच झोपायचं, रस्त्याला लागून नाही. पोर्टच्या पार्किंग प्लाझात जागा मिळाली तर तिथे, नाहीतर पळस्प्याच्या आधी ओळखीचा पेट्रोल पंप गाठायचा. नेहमी एकाच पंपावर डिझेल भरलं की पंपवाला रात्री गाडी लावू देतो, नाही म्हणत नाही. गाडी दिव्याखाली, टाकीची बाजू भिंतीकडे किंवा दुसऱ्या गाडीला चिकटून. टाकीला कुलपाचं झाकण आणि आत जाळी बसवून घ्या, खर्च मालकानं करायचा, डिझेल त्याचंच आहे. खालापूरला रात्री मोठ्या गाड्यांना जागा मिळेलच असं नाही, म्हणून सगळा भरवसा तिच्यावर ठेवू नये.

एक्स्प्रेसवेच्या कडेच्या पट्ट्यावर कधीच नाही. मागून येणाराही आपल्यासारखाच पेंगत असतो आणि तो उभ्या गाडीत घुसतो. गाडी बंद पडून तिथे थांबावंच लागलं तर इंडिकेटर चालू, त्रिकोण मागे लांब ठेवायचा, आणि केबिनमध्ये बसून न राहता रेलिंगच्या पलीकडे उभं राहायचं. मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी चिखलानं झाकलेली असते, ती रोज निघताना फडक्यानं पुसायची.

परतीला चाकणहून रात्री निघाले तर तळेगावलाच झोपून घ्यायचं, एक्स्प्रेसवेला लागायच्या आधी. घाट उजेडात उतरू दे. आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते इथे लिहा, आमच्या ओळखीतही दोघं-तिघं तसेच घोरणारे आहेत.